स्कोप आहे, पण माळ्यावर!

आमच्या ऑफिसात ‘स्कोप’ हा शब्द दिवसातून चाळीस वेळा कानावर पडतो. ‘हे आपल्या स्कोपमध्ये नाही’, ‘क्लायंटने स्कोप वाढवला’, ‘इम्प्रूव्हमेंटला स्कोप आहे’ (हे अप्रेझलच्या वेळी, आणि नेमकं माझ्याच वाट्याला). पण माझा स्वतःचा, बोनसच्या पैशांनी घेतलेला स्कोप मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये दीड वर्ष माळ्यावर पडून होता. गणपतीच्या मखराशेजारी. बाप्पा निदान वर्षातून एकदा तरी खाली येतो. स्कोपची तेवढीही ऐपत नव्हती.

स्कोप म्हणजे स्पॉटिंग स्कोप. एका डोळ्याने बघायची, ट्रायपॉडवर लावायची छोटी दुर्बीण. आपल्या नेहमीच्या दोन डोळ्यांच्या बायनॉक्युलरमधून वस्तू आठ-दहा पट मोठी दिसते, स्कोपमधून वीस, तीस, चाळीस पट. खाडीच्या पार टोकाला बसलेला ‘काहीतरी पांढरं’ बगळा आहे की प्लास्टिकची पिशवी, हे सांगणारं यंत्र. (मुंबईत बहुतेक वेळा पिशवीच असते, पण ते जाऊ दे.)

तर हा स्कोप माळ्यावर का गेला आणि त्याच्या जागी दुसरा कसा आला, त्याची ही गोष्ट. तुमच्यापैकी कुणाचा बोनस जवळ आला असेल, तर जरा लक्ष देऊन वाचा.

साठ पट म्हणजे साठ पट आनंद?

पक्षी बघायचं वेड मला उशिरा लागलं. एका रविवारी ऑफिसमधल्या मैत्रिणीने ओढून भांडुप पंपिंग स्टेशनला नेलं. नाव ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण हायवेवरून आत वळलं की एकदम तिवरं, पाणथळ, खाडी, आणि लांबवर गुलाबी रेघ. ती रेघ हलली आणि कळलं, हे फ्लेमिंगो आहेत. आपले रोहित. बावीस वर्षं मुलुंडमध्ये काढली, पण घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर हे आहे, याचा पत्ताच नव्हता!

मग काय, आधी बायनॉक्युलर आलं. मग बोनस आला. मग डोक्यात किडा आला, की ती गुलाबी रेघ जवळून बघायची. दुकानात दोन खोकी समोर होती. एका लहान खोक्यावर लिहिलं होतं १५-३०×५०, दुसऱ्या दणदणीत खोक्यावर २०-६०×८०. मी टीव्ही घेताना जसा इंच बघते, फोन घेताना जसा मेगापिक्सेल बघते, तसाच आकडा बघितला. साठ म्हणजे तिसाच्या दुप्पट. झालं! मोठं खोकं घेऊन बाहेर पडले. दुकानदाराची काही चूक नाही. त्याने विचारलं होतं, ‘मॅडम, गाडी आहे का?’ मला वाटलं, पार्किंगचं विचारतोय.

त्या प्रश्नाचा अर्थ पुढच्या शनिवारी कळला. स्कोप दीड किलोचा, तो थरथरू नये म्हणून घेतलेला ट्रायपॉड अडीच किलोचा. पाण्याची बाटली, टोपी आणि पक्ष्यांचं पुस्तक धरून पाठीवर पाच किलो. शिवडीला फ्लेमिंगो बघायला म्हणून हे सगळं घेऊन मी लेडीज डब्यात शिरले. ‘ए बाई, ती काठी खाली घे, डोळ्यात जाईल कुणाच्या!’ कुर्ल्यापर्यंत तीन जणींची माफी मागून झाली. शिवडीला पोचेपर्यंत खांदा कामातून गेला होता आणि भरतीची वेळही निघून गेली होती.

एकूण तीनदा बाहेर काढला. चौथ्यांदा म्हटलं, आज नुसतं बायनॉक्युलर नेऊ. पाचव्यांदाही तेच. मग दिवाळीची साफसफाई आली आणि आईने त्याची जागा ठरवून टाकली.

पायातलं ते छोटं निशाण

दोन वर्षांपूर्वीची जानेवारी. सकाळचे साडेसात. मी भांडुपच्या बांधावर उभी, गळ्यात बायनॉक्युलर. भरती चढत होती. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल हळूहळू पाण्याखाली जातो आणि त्यात चोची खुपसून चरणारे पक्षी काठाकडे सरकत येतात. त्यामुळे पक्षी बघायला जाताना घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं, हा पहिला धडा.

शंभरेक मीटरवर गॉडविटचा थवा उतरला. लांब पाय, लांब सरळ चोच, बांधा एकदम सडपातळ. त्यातल्या एकाच्या पायावर काहीतरी रंगीत चमकलं. कचरा अडकला असेल असं आधी वाटलं. मग तो वळला आणि दिसलं, की ते छोटं निशाण आहे. अभ्यासक पक्षी पकडून त्याच्या पायात कडं किंवा रंगीत फ्लॅग घालतात आणि सोडून देतात. फ्लॅगवर अक्षरं, आकडे असतात. ती वाचून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, म्हणजे बीएनएचएसला कळवली, की त्या पक्ष्याच्या प्रवासात आणखी एक टिंब जोडलं जातं. कुठे पकडला, कधी पकडला, आज कुठे दिसला. आपल्या खाडीत हिवाळा काढणारे यातले बरेचसे पक्षी उन्हाळ्यात थेट सायबेरियाच्या बाजूला अंडी घालतात. म्हणजे एवढ्याशा पायावर अख्ख्या आशियाचा नकाशा असतो, फक्त तो वाचता आला पाहिजे.

मला नाही वाचता आला. आठ पट बायनॉक्युलरमधून दिसत होतं, की तिथे अक्षरं आहेत. कोणती, ते नाही. मी श्वास रोखला, कोपरं बांधावर टेकली, डोळे बारीक केले. छे! पुढे जायचा मोह झाला, पण दोन पावलं टाकताच सगळ्या थव्याच्या माना वर झाल्या. मागे आले. वीस मिनिटं तो पक्षी माझ्यासमोर चरत होता आणि साठ पट मोठं दाखवणारा स्कोप पंधरा मिनिटांवर मखराशेजारी झोपला होता.

मग एक घार वरून गेली आणि थवा उडाला. तो गॉडविट मला पुन्हा कधीच दिसला नाही.

घरी आले आणि ठरवलं, हा स्कोप विकायचा. चांगला होता बिचारा. पण जो सोबत येत नाही तो कितीही पट दाखवो, त्याचा झूम शून्य.

आकड्यांची भानगड

दुसऱ्या खेपेला मात्र मी नीट अभ्यास केला. आणि हा अभ्यास, मंडळी, आठवीच्या गणिताच्या पुढचा नाही.

१५-४५×६० मधला पहिला भाग किती पट मोठं दिसतं तो, आणि शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागा. जो आकडा येईल तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. माझ्या जुन्या स्कोपचा ८० भागिले ६०, म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर. आपली बाहुली भर उन्हातही साधारण दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. म्हणजे साठ पटीवर चित्र मोठं होतं खरं, पण अंधारं आणि मऊ होतं. उलट ५० मिलिमीटरचा छोटा स्कोप वीस पटीवर अडीच मिलिमीटर देतो. सकाळच्या प्रकाशाला हे पुरतं.

मग मोठ्या भिंगाचा उपयोग काय? आहे ना! प्रकाश भिंगाच्या क्षेत्रफळावर गोळा होतो, त्यामुळे ८०चं भिंग ५०च्या अडीच पट प्रकाश खेचतं. अगदी पहाटे, संध्याकाळी, ढगाळ दिवशी फरक डोळ्यांना कळतो. गाडी असेल, एका जागी तीन तास बसणार असाल, तर मोठाच घ्या. दुकानदाराला हेच विचारायचं होतं.

दुसरी गोष्ट, आपली हवा. सूर्य वर आला की खाडीवरची गरम हवा थरथरायला लागते. साडेनऊनंतर चाळीस पट लावा, की फ्लेमिंगो तव्यावरच्या डोशासारखा हलताना दिसतो. तिथे महागातलं महाग भिंगही हात टेकतं. मी वर्षभर मोजून बघितलं, माझं नव्वद टक्के बघणं वीस ते तीस पटीतच होतं. म्हणजे त्या वरच्या पटींसाठी दिलेले पैसे आणि वाहिलेलं वजन दोन्ही खाडीत.

तिसरी गोष्ट ईडी. घाबरू नका, ही ती ईडी नाही! ही काचेची एक जात आहे. साध्या भिंगातून पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळट-हिरवट रेघ दिसते. ईडी काचेत ती बरीच कमी होते आणि चित्र कापल्यासारखं स्पष्ट येतं. भिंग लहान घ्यायचं असेल, तर वाचलेले पैसे या काचेवर घाला.

चौथी, सरळ की वाकडा? काही स्कोपचं डोळा लावायचं टोक सरळ असतं, काहींचं ४५ अंशात वर वळलेलं. सरळ स्कोपमध्ये पक्षी पटकन सापडतो. पण वळलेल्यात तुम्ही वरून खाली वाकून बघता, त्यामुळे ट्रायपॉड कमी उंचीवर लावला तरी चालतो. ट्रायपॉड बुटका म्हणजे हलका, आणि वाऱ्यात स्थिर. शिवाय सहा फुटी मित्र आणि चार फुटी भाची एकाच उंचीवर बघू शकतात. मी डोळे मिटून वाकडा घेतला.

आणि चष्मेवाल्यांनो, ‘आय रिलीफ’ हा शब्द लक्षात ठेवा. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसायला हा आकडा पंधरा मिलिमीटर किंवा त्याच्या वर हवा. नाहीतर किल्लीच्या भोकातून खाडी बघत बसाल.

बाजारात या छोट्या जातीचे बरेच आहेत. कोवाचा ५०१ हा २०-४०×५० वाकडा स्कोप साधारण चारशे ग्रॅमचा, स्वस्तातला, पण ईडी काचेशिवाय. सेलेस्ट्रॉनचा हमिंगबर्ड ७-२२×५० ईडी काचेचा. सात पटीपासून सुरू होत असल्याने पक्षी शोधायला सोपा. व्होर्टेक्सचा रेझर ११-३३×५० यांच्यापेक्षा बराच महाग. मी कोणता घेतला ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमचा डोळा माझा नाही. फोर्टातल्या दुकानात जा, दुकानाच्या आत बघू नका, दाराबाहेर येऊन लांबच्या इमारतीवरची पाटी वाचा. पाटीची अक्षरं मध्यभागी आणि कडेला सारखीच स्पष्ट दिसली पाहिजेत. चष्मा लावून बघा, काढून बघा. आणि मग तो ट्रायपॉडसकट तुमच्या रोजच्या ऑफिसच्या सॅकमध्ये घालून बघा. सॅकची चेन लागली नाही, तर सौदा रद्द.

ट्रायपॉडवर कंजुषी नको, हेही अनुभवाने सांगते. वीस पटीवर तुमच्या हाताचं कापणंही वीस पट होतं. माझा आता सव्वा किलोचा आहे. जोराचा वारा असला की खालच्या हुकाला सॅक अडकवते, हलायचं बंद.

कुठे न्यायचा, कुठे नाही

मुंबईत सगळीकडे स्कोप लागत नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तर घरीच ठेवा. दाट झाडीत पक्षी पंधरा-वीस मीटरवर, एका जागी दोन सेकंदं. तुम्ही ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत तो कान्हेरीला पोचलेला असतो. तिथे ८×४२चं बायनॉक्युलरच राजा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाणार असाल, तरीही नको. बोट हलते, स्कोप हलतो आणि पोटही हलतं. पवई तलावाचा काठ, अंधेरीत लोखंडवालाच्या मागचा तलाव, भांडुपचा बांध आणि शिवडीची जेट्टी ही स्कोपची खरी गावं. पाय जमिनीवर आणि पुढे मोकळं पाणी, एवढीच अट.

प्रवासात म्हणाल, तर नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला मनोऱ्यावरून बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. देशांतर्गत विमानात सात किलोच्या हँडबॅगेत माझा स्कोप-ट्रायपॉड कपड्यांसकट बसतो. आणि पक्षी नसले तरी रात्र असते. सोसायटीच्या गच्चीवरून वीस पटीत गुरूचे चंद्र टिंबांसारखे दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये ते बघितले, तेव्हा त्याची दुर्बीणही साधारण वीस पटीचीच होती. आमच्या सेक्रेटरी काकांनी ते बघितल्यापासून गच्चीची चावी मला न विचारता मिळते!

एक मुंबईकर सूचना. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, आणि एकदा आत धरली की निघणं कठीण. नायट्रोजन भरलेला वॉटरप्रूफ स्कोप घ्या, आणि जून ते सप्टेंबर तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये अजिबात नको, ती दमट हवा धरून ठेवते.

लांबून बघण्याची चैन

सलीम अली लहानपणी एअरगन घेऊन चिमण्या टिपायचे. अशाच एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची चौकशी करायला ते बीएनएचएसमध्ये गेले आणि पुढचं आयुष्यच बदललं. त्या काळी पक्षी नीट ओळखायचा, तर तो मारून हातात घेणं हीच रीत होती. आज आपल्याला ती गरज नाही, कारण काच आहे. स्कोपचं खरं काम मोठं दाखवणं नाही. पक्ष्याला पत्ताही न लागता बघू देणं, हे आहे.

आपल्या खाडीत हे जास्तच महत्त्वाचं. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी बीएनएचएसने काही रोहितांना जीपीएस टॅग लावले आणि इथून गुजरातपर्यंतच्या त्यांच्या वाटा नकाशावर उमटल्या. पण मे २०२४ मध्ये घाटकोपर पूर्वेला रात्री विमानाची धडक बसून तिसाहून जास्त फ्लेमिंगो मेले. सकाळी वस्तीतल्या रस्त्यांवर ते गुलाबी पंख पडलेले होते. ज्यांनी आयुष्यात फ्लेमिंगो बघितला नव्हता, त्यांनी पहिल्यांदा बघितला तो असा, पायाशी. त्यानंतर मोबाइलवर ‘जवळून’ फोटो घ्यायला चिखलात उतरणारी मंडळी दिसली, की माझं डोकं फिरतं. हे पक्षी एवढ्याशा चिखलावर पोट भरायला आलेले असतात. प्रत्येक उड्डाण म्हणजे त्यांच्या जेवणावरून उठवणं.

या जानेवारीत पुन्हा भांडुपला गेले. नवा स्कोप सॅकमध्ये, ट्रायपॉड बाजूच्या कप्प्यात, रिक्षातून उतरल्यापासून पाच मिनिटांत सगळं उभं. गॉडविट होते, फ्लॅगवाला नव्हता. तासाभराने एका छोट्या तुतारीच्या पायात रंग दिसला. तीस पट लावली. पहिलं अक्षर वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर चिखल. मोबाइल डोळ्याच्या जागी धरून फोटो काढला आणि बीएनएचएसला पाठवून दिला. अर्धा का होईना, पत्ता तर मिळाला.

मी सामान आवरत होते, तेवढ्यात तिथला वॉचमन जवळ आला. ‘मॅडम, काय दिसतं यातनं?’ स्कोप रोहितांवर वळवून दिला. तो वाकला. बराच वेळ काही बोलला नाही.

‘सात वर्षं इथे ड्युटी करतोय,’ शेवटी म्हणाला. ‘रोज बघतो. पण यांची चोच वाकडी असते, हे आज कळलं.’

मग त्याने आपल्या जोडीदाराला हाक मारली. आणि मी आवरलेलं सामान पुन्हा उघडलं.